रॉकेलच्या बोळ्यावर पावसाळा निघत नाही

मे महिना संपत आला की महाराष्ट्रातल्या गॅरेजांच्या दारात एक संवाद हमखास ऐकू येतो. पंधरा-सोळा वर्षांची अल्टो, सँट्रो नाहीतर वॅगन आर घेऊन कुणी गृहस्थ सर्व्हिसिंगला आलेले असतात. ऑइल बदलून होतं, ब्रेक उघडून साफ होतात, बॅटरीचं पाणी बघून होतं. मग मेस्त्री काचेवरचा वायपर उचलून दाखवतो. "साहेब, रबर गेलंय. बदलून टाका." त्यावर उत्तर येतं, "राहू दे रे. रॉकेलचा बोळा फिरव, अजून एक पावसाळा निघतो."

रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही, म्हणून कधी डिझेल येतं, कधी खोबरेल तेल, कधी गंज सोडवायचा स्प्रे, तर कधी बारीक पॉलिश पेपर. साधन बदलतं, त्यामागचा हिशेब तोच राहतो: गाडीलाच आता फारसं मोल उरलेलं नाही, तिच्या वायपरवर कशाला पैसे घालायचे? हा हिशेब मांडणारी माणसं बेफिकीर नसतात. पै-पै जोडून ज्यांनी गाडी घेतली आणि पंधरा वर्षं नीट सांभाळली, अशीच ती बहुतेक असतात. म्हणून त्यांना 'सुरक्षितता महत्त्वाची' एवढं ऐकवून भागत नाही. त्यांचा हिशेब हिशेबानंच खोडायला हवा, आणि तो खोडता येतो.

पहिली चूक वायपर गाडीच्या किमतीशी जोडण्यात आहे. वायपरचं काम चालवणाऱ्याला रस्ता दाखवण्याचं, आणि ही गरज जुन्या गाडीत नव्या गाडीपेक्षा जास्त असते. भारतात सगळ्या नव्या मोटारींना अँटिलॉक ब्रेक सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली त्याच वर्षीच्या जुलैपासून. त्याआधी विकल्या गेलेल्या लहान घरगुती गाड्यांत, विशेषतः स्वस्तातल्या मॉडेलांत, बहुधा या दोन्हींतलं काहीच नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबला की त्यांची चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. वयानुसार हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं, त्यामुळे रात्रीचा उजेडही मंद झालेला असतो. अशा गाडीत चालकाच्या हाती एकच संरक्षण उरतं: पुढचा धोका लवकर दिसणं. नेमकं तेच शेदोनशे रुपये वाचवण्यासाठी सोडून द्यायचं, याला काटकसर म्हणता येत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. वायपर जोराच्या वेगावर असला की मिनिटाला साधारण ४५ वेळा जाऊन-येऊन करतो. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वरच्या वेगाची किमान अपेक्षाही तेवढीच आहे. म्हणजे काचेवरून एकदा पुसून जाईपर्यंत गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. फाटक्या रबरानं ती एक खेप वाया घालवली, काचेवर नुसताच पाण्याचा पदर ओढला, तर ते अकरा मीटर चालक अंदाजानं चालवतो. पुढचीही खेप तशीच गेली की बावीस. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या घाटात धुकं, पाऊस आणि समोरून एसटीचे दिवे असताना बावीस मीटरमध्ये काय काय मावतं, हे त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायची गरज नाही.

आता रॉकेलकडे वळू. या उपायावर लोकांचा इतका विश्वास का बसला, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण तो विश्वास अगदीच हवेतला नाही. बोळा फिरवल्यावर वायपर दोन-चार दिवस खरंच बरा चालतो. रबर मऊ आणि काळंभोर दिसतं, किरकिर थांबते. पण बोळा उलटा करून बघावा. त्यावर काळा थर आलेला असतो: धूळ, डिझेलच्या धुराची काजळी, टायरचा चुरा आणि रबराचाच सुटलेला भुगा. हा थर निघाला म्हणून वायपर सुधारला. हेच काम साध्या पाण्यात भिजवलेलं, दोन थेंब साबण लावलेलं फडकं करतं. श्रेय फडक्याचं होतं, ते रॉकेलच्या नावावर जमा झालं.

रॉकेलनं मात्र आपलं वेगळं काम करून ठेवलेलं असतं. नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या तेलात फुगतं, ही रबराची जुनी ओळखीची खोड आहे. वायपरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी द्रव्यं आणि मेण मिसळलेलं असतं, कारण हवेतला ओझोन ताण पडलेल्या रबराला आडव्या बारीक भेगा पाडतो. रॉकेल आणि डिझेल हीच द्रव्यं विरघळवून बाहेर काढतात. रबर आधी फुगतं, म्हणून मऊ लागतं. तेल उडून गेलं की पहिल्याहून कडक होतं आणि आता त्याच्यात संरक्षणही उरलेलं नसतं. उरलेलं तेल काचेवर पसरतं. दिवसा ते फारसं जाणवत नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की सबंध काचेवर इंद्रधनुषी तवंग उठतो आणि पलीकडचा माणूस त्यात हरवतो. खोबरेल तेलाचं याहून वेगळं नाही. ते घरातलं आहे म्हणून सौम्य वाटतं एवढंच.

पॉलिश पेपरवाले जरा जास्त जाणकारीच्या आविर्भावात बोलतात. कड झिजली असेल तर घासून नवी कड काढायची, असा त्यांचा तर्क. चाकूला तो लागू पडेल, वायपरच्या रबराला पडत नाही. कोरडं रबर काचेवर चिकटतं, सरकत नाही. म्हणून कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर क्लोरीनची प्रक्रिया करून तो किंचित कठीण केलेला असतो, बऱ्याचदा वर ग्रॅफाइटचा लेपही असतो. नवं रबर हाताळलं की बोटाला करडी पूड लागते ती हीच. पेपरनं घासलं की पहिल्याच हाताला हा थर जातो आणि खालचं मऊ, चिकट रबर उघडं पडतं. शिवाय हातानं घासलेली कड पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर लांबीभर सरळ येणं अशक्य आहे.

या कडेचं काम नीट बघण्यासारखं आहे. गाडी उभी असताना वायपर उचलून रबर उजेडात धरावं. वरचा भाग जाड, मग एक बारीक मान, आणि खाली एक पातळ पात: एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची. काचेला फक्त ही पात टेकते. वायपर उजवीकडे जाताना पात मानेपाशी डावीकडे झुकते, परत येताना उलटी पडते. प्रत्येक फेरीच्या टोकाला ही पलटी होते आणि त्यामुळे धारदार कोपरा कायम काचेवर ओढला जातो. रबर एकाच बाजूला वाकून कडक झालं की पलटी होत नाही. मग एका दिशेनं वायपर नीट पुसतो आणि दुसऱ्या दिशेनं थडथड उड्या मारत जातो. नखानं पात दोन्ही बाजूंना हलवून बघितली की हे गाडी सुरू न करताच कळतं. ती परत मधे येत नसेल, कडेला खाचा असतील, टोकाला रबर पट्टीतून सुटून लोंबत असेल, तर कुठलंही तेल तिला सुधारणार नाही.

तासाभराच्या जोरदार पावसात हा वायपर २,७०० फेऱ्या करतो. पातीचा मधला भाग एका फेरीत जाऊन-येऊन साधारण १.४ मीटर सरकतो, असं धरलं तर तासाला ती काचेवरून पावणेचार किलोमीटर घासली जाते. पुण्याहून रत्नागिरीपर्यंत पाऊस सोबतीला असला तर किती, हा गुणाकार कुणालाही करता येईल. एवढं काम करणाऱ्या रबराला बहुतेक उत्पादक सहा महिने ते वर्षभराचं आयुष्य सांगतात, आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने ते पुसण्याचं काम न करता उन्हात तळत असतं. नागपूर-चंद्रपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बंद गाडीची काच किती तापत असेल! विदर्भातल्या गाडीचं रबर पावसानं कमी आणि उन्हानं जास्त मरतं. "आमच्याकडे पाऊस कुठे एवढा पडतो, आमचे वायपर चार वर्षं चालतात," हे वाक्य तिकडे सर्रास ऐकू येतं. ते वायपर चालत नसतात, नुसते बसवलेले असतात.

उन्हाच्या मुद्द्यावर आणखी एक लोकप्रिय सल्ला आहे: गाडी उभी करताना वायपर उचलून ठेवा. सोसायट्यांत गाड्या धुणारी मुलं गाडी झाल्याची खूण म्हणून वायपर उभे करून जातात, त्यामुळे ही पद्धत आपोआप रूढ झाली आहे. यात तथ्याचा अंश आहे. तापल्या काचेवर दाबून न राहिल्यामुळे पात एकाच बाजूला वाकून बसण्याचा धोका कमी होतो. पण ऊन आणि ओझोन उभ्या वायपरलाही लागतातच. आणि उभा दांडा कुणाचा धक्का लागून काचेवर आदळला, त्यातही ब्लेड काढून ठेवलेलं असताना नुसता लोखंडी दांडा आदळला, तर काचेला तडा जातो. गाडी सावलीत लावणं आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं रबर पुसणं याचा फायदा त्याहून मोठा आणि खात्रीचा.

तंबाखू आणि बटाट्याबद्दल मात्र आदरानंच बोलायला हवं. वायपर बंद पडल्यावर काचेवर ओली तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळून मुक्कामापर्यंत पोचणारे ट्रकचालक अडचणीतून वाट काढत होते. त्या थरामुळे पाणी थेंब थेंब न साचता काचेवर एकसारखं पसरतं आणि थोडा वेळ दिसतं. तो अडल्या वेळचा उपाय होता. गॅरेजच्या दारात, दुकान पन्नास पावलांवर असताना तो वापरणं म्हणजे त्या चालकांच्या हुशारीचा गैरफायदा घेणं आहे.

"उजवं गेलं असेल तर डावीकडचं काढून उजवीकडे लावू, डावीकडे कोण बघतंय?" हाही एक सल्ला. दोन्ही ब्लेड एकाच मोटरवर, तेवढ्याच फेऱ्या मारतात. दोन्ही सारखीच म्हातारी झालेली असतात. आणि डावीकडेच तर बघायचं असतं! रस्त्याच्या डाव्या कडेनं पायी चालणारे, सायकलवाले, शाळेतून छत्री धरून परतणारी मुलं जातात. ती दिसतात डावीकडच्या वायपरनं पुसलेल्या काचेतून. टाटा नॅनोला तर एकच वायपर होता. तो गेला की अदलाबदलीचाही प्रश्न नाही.

इथपर्यंतचं वाचून स्पेअर पार्टच्या दुकानदाराला आनंद होईल. त्यानं थोडं थांबावं, कारण या वादात दुसरी बाजूही तेवढीच चुकते. काउंटरवर जुन्या गाडीचं नाव सांगितलं की बऱ्याच ठिकाणी थेट बिनचौकटीचं, महागडं ब्लेड पुढे केलं जातं. "साहेब, हे लावा, सगळी कटकट संपेल." सहा महिन्यांनी तीच कटकट परत येते, आणि मग मालक म्हणतो, बघा, नवीन टाकूनही काही होत नाही, आमचा रॉकेलचा बोळाच बरा होता. रॉकेलवरचा विश्वास जगवण्यात या विक्रीचा मोठा हात आहे.

चौकटीचं साधं ब्लेड जुनाट आहे, टाकाऊ नाही. त्याच्या लोखंडी कमानी दांड्याचा दाब रबरावर अनेक ठिकाणी वाटून देतात आणि काचेच्या वळणाप्रमाणे स्वतः हलतात. बिनचौकटीच्या ब्लेडमध्ये ते काम आतली स्प्रिंगची पट्टी करते, आणि ती पट्टी कारखान्यातच ठरावीक वळणाला वाकवलेली असते. वेगात ते वाऱ्यानं कमी उचललं जातं, त्यात सांध्यांना गंज धरत नाही, हे त्याचे खरे गुण. पण मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या तुलनेनं सपाट काचेवर 'सगळ्या गाड्यांना चालणारं' असं ब्लेड लावलं तर टोकं दाबून बसतात आणि मधला भाग अर्धवट टेकतो, किंवा उलट होतं. ज्या गाडीला कंपनीनं चौकटीचं ब्लेड दिलं, तिला चांगल्या रबराचं चौकटीचं ब्लेड पुरतं.

लांबीचा मोह याहून वाईट. दोन इंच मोठं लावलं की जास्त काच पुसली जाईल, असं वाटतं. दांड्याच्या स्प्रिंगचा जोर मात्र तेवढाच असतो. तो जास्त लांबीवर विभागला की प्रत्येक इंचाला कमी मिळतो. टोक बाजूच्या खांबाला धडकतं, किंवा दोन ब्लेड मधे एकमेकांना भिडतात, आणि आधीच थकलेल्या मोटरवर ओझं पडतं. जुनं ब्लेड मोजून त्याच लांबीचं घ्यावं. डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही मोजावीत.

आणि कित्येकदा दोष ब्लेडचा नसतोच. पंधरा वर्षांच्या गाडीत हे फार घडतं, आणि गॅरेजमध्ये हेच सर्वांत कमी बघितलं जातं. रबर काचेला काटकोनात टेकायला हवं. वायपर काचेच्या मध्यावर असताना इग्निशन बंद करून दांडा तिथेच थांबवला आणि बाजूनं वाकून बघितलं, की दांडा पिळलेला आहे का ते दिसतं. पिळलेला असला तर कितीही महाग रबर लावा, एका दिशेनं ते थडथडणारच. धुताना ओढाओढ झाली, कुणी वायपर हिसडला, की हा पीळ येतो. दांड्याच्या सांध्याला गंज धरला तर स्प्रिंगचा दाब काचेपर्यंत पोचत नाही. दांडे ज्या खुंटांवर बसतात त्यांचे दाते झिजले तर मोटर फिरते आणि वायपर अर्धवट जातो. बॉनेटखालच्या जाळीच्या आत, मोटरची फिरकी दोन्ही दांड्यांपर्यंत नेणाऱ्या लिंकेजच्या सांध्यांत प्लास्टिकचे बुश असतात. ते सैल झाले की वायपर टोकाला जाऊन 'टक' असा आवाज करतो आणि काचेच्या बाहेर किंचित झेपावतो. ज्यानं हा आवाज ऐकूनही नुसतं ब्लेड बदलून दिलं, त्यानं गिऱ्हाइकाचे पैसे फुकट घालवले.

वायपर मंद चालणं ही तर निराळीच तक्रार. अमेरिकेत कितीतरी वर्षं वायपर इंजिनच्या निर्वातावर चालत, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की नेमके तेव्हाच मंदावत. विजेची मोटर आल्यावर ते दुखणं गेलं, पण म्हाताऱ्या गाडीत त्याचा भाऊ शिल्लक असतो. अर्थिंगचा जोड गंजलेला, मोटरमधलं ग्रीस वाळलेलं, खुंट कोरडे पडलेले. मग हेडलाइट, पंखा आणि वायपर एकदम लावले की वायपर ढकलत ढकलत चालतो. बटण बंद केल्यावर तो काचेच्या मध्येच थांबत असेल, तर मोटरमधल्या जागेवर आणून थांबवणाऱ्या संपर्काकडे बघावं लागतं. यातलं काहीही नवं रबर दुरुस्त करत नाही.

काचेचंही वय होतं. पंधरा वर्षांच्या वाळू-खडीनं तिच्यावर सुईच्या टोकाएवढे असंख्य खड्डे पाडलेले असतात. शिवाय तिच्यावरचे बरेचसे ओरखडे मालकानं स्वतः आणलेले असतात: धुळीनं माखलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवून. रबर काच ओरबाडत नाही, पण धुळीतल्या वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण असते. जूनच्या पहिल्या शिंतोड्यांत हेच होतं; आठ महिन्यांची धूळ आणि चार थेंब पाणी यांचा चिखल करून वायपर तो काचेवर रगडतो. आधी पाण्याचा फवारा भरपूर मारावा, मग वायपर लावावा. त्यासाठी फवाऱ्याच्या टाकीत पाणी असावं लागतं आणि नळीचं तोंड उघडं असावं लागतं. ते बुजलेलं असेल तर बारीक टाचणीनं साफ होतं. मराठवाड्यात बोअरवेलचं जड पाणी त्या टाकीत घालतात आणि क्षारांनी नळी बुजते. क्षार काढलेलं पाणी घातलं की हा त्रास बराच वाचतो.

एक घोटाळा तर दर पावसाळ्यात होतो. काच आतून धुरकटते आणि शिव्या वायपरला बसतात. बोटानं आतून रेघ ओढून बघावी. रेघेतून स्वच्छ दिसलं तर बाष्प आत आहे. मग एसी लावून हवा काचेकडे वळवायची, एसी नसेल तर बाहेरची हवा आत घेणारा खटका उघडायचा आणि खिडकी दोन बोटं खाली करायची. आत फिरणारी तीच ती हवा चालू ठेवली की चार माणसांच्या श्वासानं काच पुन्हा भरते. पाणी घसरवणारी रसायनंही अशीच जागा चुकून विकली जातात. महामार्गावर वेगात थेंब खरंच उडून जातात. सिंहगड रोडवरच्या पावसाळी वाहतुकीत ताशी वीसच्या वेगानं ते जिथल्या तिथे बसून राहतात. थर कुठे टिकलेला, कुठे झिजलेला असला की त्यावर वायपर उड्या मारतो. ज्याला ते लावायचं त्यानं जरूर लावावं, पण चांगल्या वायपरच्या जोडीला.

वायपर ही चैनीची जोड आहे असं मानणाऱ्यांनी त्याचा जन्म आठवावा. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बर्फाळ पावसात ट्राम चालवणाऱ्याचे हाल बघितले. काचेतून दिसत नाही म्हणून त्याला ती उघडून वारा-पाऊस अंगावर घ्यावा लागत होता. त्यातून त्यांनी आतून हातानं फिरवायचा रबरी पुसणारा दांडा आखला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बफेलो शहरात जॉन ओइशी यांच्या मोटारीची पावसात एका सायकलस्वाराशी टक्कर झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांनी वायपर बनवणारी ट्रायको कंपनी १९१७ मध्ये उभी केली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: चालवणाऱ्याला समोरचा माणूस दिसला नाही तर काय होतं.

भारतातला कायदाही हे जाणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०१ सांगतो, की पुढची काच असलेल्या मोटारीला शक्तीवर चालणारा, नीट काम करणारा वायपर हवा. नुसता दांडा हलतो म्हणजे ही अट पुरी झाली असं होत नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी रस्त्यावर ठेवणारा माणूस ती पावसात चालवणारच आहे. रबराची सुटी पट्टी साधारण शंभर-दीडशेत येते, चौकटीच्या साध्या ब्लेडची जोडी चार-सहाशेत. रबर सुटून उघडी पट्टी काचेवर फिरली तर उमटणारा अर्धगोल ओरखडा पॉलिशनं जात नाही आणि काच बदलायची म्हटलं की काही हजार मोजावे लागतात. काटकसरीचा हिशेब करणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी मांडावेत.

सुटं रबर बदलणं घरीही जमतं. काचेवर जाड टॉवेल घालावा, म्हणजे दांडा निसटला तरी तडा जात नाही. दांड्याच्या आकड्याजवळची बारीक कळ दाबून ब्लेड खाली सरकवलं की ते निघतं. ज्या टोकाला रबराला खाच असते, तिथून ते खेचून बाहेर येतं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या पट्ट्या जपून काढाव्यात, कारण नव्या रबरासोबत त्या दर वेळी मिळत नाहीत. पट्ट्यांना किंचित वाक असतो, तो काचेच्या वाकाशी जुळेल असा ठेवावा. मग रबर प्रत्येक कमानीच्या नखांमधून एक एक करून ओवावं आणि शेवटी खाच त्याच टोकाच्या नखात अडकली आहे ना, हे ओढून बघावं. एखादं नख चुकलं तर वेगात रबर तिथूनच बाहेर येतं. पाणी मारून दोन्ही वेगांवर बघितलं की काम झालं.

दुकानदारांकडून एवढीच मागणी रास्त आहे, की जुन्या गाड्यांच्या चौकटीच्या ब्लेडसाठी सुटं रबर ठेवावं आणि गिऱ्हाईक ते मागतं तेव्हा 'आता मिळत नाही' म्हणून अख्खं ब्लेड गळ्यात मारू नये. लांबी सांगून कापून मिळणारं रबर बाजारात आहे. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला मालही विकू नये. तो पाकिटातच कडक झालेला असतो. आरटीओत पंधरा वर्षांच्या गाडीची तपासणी होते तेव्हा वायपरचं बटण दाबून दांडा हलतो का एवढं बघून पुढे जाऊ नये. काचेवर बादलीभर पाणी ओतून दोन्ही वेगांवर वायपर चालवावा आणि निरीक्षकानं स्वतः चालकाच्या जागेवर बसून बघावं. याला मिनिटभर पुरतं. आणि मेमध्ये गाडी गॅरेजला आली की मेस्त्रीनं रॉकेलच्या बाटलीला हात लावण्याआधी काढलेलं रबर मालकाच्या हातात द्यावं, त्याला ती पात नखानं हलवून बघायला सांगावं, आणि दांडा, लिंकेज, अर्थिंग तपासूनच नवं बसवावं.